महादेवरावांच्या तबकड्या

धामणगाव बढे
६ मार्च १९६१

आजपासून बोलायचे नाही.

काल अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या घशात आरसा घालून पाहिले. स्वरतंतूवर गाठ आहे म्हणतात. एप्रिल संपेपर्यंत एक शब्द नाही, कुजबुजणेही नाही. कुजबुजल्याने म्हणे जास्त ताण पडतो. मग पुन्हा तपासणार. गाठ विरली तर ठीक. नाही तर नागपूरला नेऊन कापायची, आणि कापल्यावर आवाज उरेल याची हमी कोणी देत नाही.

मी म्हटले, एक मेला राज्याचा पहिला वाढदिवस आहे आणि मुख्य भाषण माझे आहे. डॉक्टर म्हणाले, "दुसरं कोणी करील." या उत्तरातून समाजाबद्दलची किती बेपर्वाई दिसते हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितले. ते हात धुऊन, पुसून, पुढच्या रोग्याला आत बोलावेपर्यंत मी बोलत होतो. ते माझे शेवटचे भाषण. श्रोते दोन : माझी पत्नी शरयू आणि कंपाउंडर. कंपाउंडर पेंगत होता.

दैनंदिनी मी आजवर कधी लिहिली नाही. ज्याला हजार माणसांना तोंडावर सांगता येते त्याने वहीच्या कानात कशाला सांगावे, असे माझे मत होते. आता वही तरी आहे.

जुने ग्रीक वक्ते समुद्राच्या लाटांवर ओरडून आवाज कमावत, असे मी वाचले होते. आमच्याकडे समुद्र नाही. मी नळगंगेच्या पुरासमोर उभा राहून कमावला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मलकापूरपासून मेहकरापर्यंत एकाही सभेत मी भोंगा लावू दिला नाही. भोंग्यातून निघते ते भाषण नव्हे, ती दवंडी. माणसाचा आवाज माणसापर्यंत माणसानेच पोचवला पाहिजे. हे मी आजही म्हणतो. म्हणजे, लिहितो.

११ मार्च

शाळेतून रजा मिळाली. शरयूने पाटी आणि पेन्सिल गळ्यात अडकवायला दिली आहे. तीस वर्षे मुलांना पाट्या दिल्या, आता माझी पाळी.

एक चमत्कारिक गोष्ट पाहतो आहे. मी मुका झालो तर लोक मला बहिरा समजतात. मोतीराम भाजीची टोपली घेऊन आला आणि अंगणातून ओरडला, "गुर्जी, वांगे आनले, वांगे!" आणि हाताने वांग्याचा आकार करून दाखवला. वांगी समोर टोपलीत होती.

मोतीरामचा मळा गावाबाहेर आहे. माझ्या प्रत्येक सभेत तो पहिल्या रांगेत असतो. त्याला वाचता येत नाही, म्हणून माझी पाटी त्याच्यापुढे निकामी. मी काहीच म्हणू शकत नाही हे कळल्यावर तो खाली बसला आणि वांग्यावर पडलेल्या किडीबद्दल बोलू लागला. मध्ये थांबवणारे कोणी नव्हते. उठताना म्हणाला, "आज बोलाले लय मजा आली तुमच्यासंग."

१४ मार्च

दुपारी बैलगाडी दारात थांबली. सुभद्रावहिनी उतरल्या. मागे गाडीवानाने एक चौकोनी पेटी उतरवली, फुलासारखे तोंड असलेला पितळी कर्णा उतरवला आणि एक जड पत्र्याची ट्रंक.

हे सगळे वहिनींच्या यजमानांचे, महादेवरावांचे. महादेवराव माझे आतेभाऊ, माझ्याहून वर्षाने मोठे, आणि माझे आयुष्यभराचे विरोधक. मी संयुक्त महाराष्ट्राचा, ते वेगळ्या विदर्भाचे. सोमवारी बाजारच्या पटांगणात मी बोललो की पुढच्या सोमवारी त्याच जागी ते माझ्या मुद्द्यांच्या चिंधड्या करीत. मग त्यापुढच्या सोमवारी मी त्यांच्या करी. गेल्या वर्षी एक मेला राज्य झाले आणि ते भाषण करायचे थांबले. या माघात वारले.

वहिनी ओट्यावर बसल्या, पाणी प्याल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमाले द्याचं सांगून गेले. मशीन अन् सगळ्या रेकॉर्डी."

मी पाटीवर लिहिले : मलाच का?

वहिनींनी पाटी वाचली आणि पदराने तोंड पुसले. "सांगू का नोको? म्हणाले, उद्धवले बोलता येते. ऐकता येत नाही. त्याले द्या."

मेल्यावरही माणसाने शेवटचा शब्द आपलाच ठेवावा. मी उत्तर लिहायला घेतले. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. तोवर वहिनी शरयूबरोबर स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि दोघी कशावर तरी हसत होत्या.

१७ मार्च, पाडवा

ट्रंक उघडायची नाही असे ठरवले होते. पण सणाच्या दिवशी घर इतके गप्प कधी नव्हते. गुढी उभारली आणि नवीन वर्षाबद्दल दोन शब्दही बोलता येईनात. दुपारी ट्रंक उघडली.

प्रत्येक तबकडीला कापडाची पिशवी आहे. पिशव्या त्यांच्या चळवळीच्या फलकांच्या. गेल्या वर्षी फलक निकामी झाले, तेव्हा सुभद्रावहिनींनी ते कापून शिवून टाकले असणार. लाल कापड, पांढरी अक्षरे. एका पिशवीवर 'विद', दुसरीवर 'र्भ वे', तिसरीवर नुसता एक काना. गाणे ऐकायचे तर विरोधकाची घोषणा हाताळल्याशिवाय गत्यंतर नाही. एका पिशवीवर 'झालाच पाहिजे' असे पूर्ण आहे. ती मी बराच वेळ हातात धरली. आमच्या फलकांवरही हेच दोन शब्द असत. कापड कोणाचे, अक्षरांवरून सांगता येत नाही.

पेटीला किल्ली देऊ लागलो तर शरयूने हात धरला. "पूर्ण देऊ नका. स्प्रिंग जुनी आहे, शेवटचे दोन वेढे सोडायचे." मग तिने डबीतून नवी सुई काढली, बसवली, तबकडी फुंकर मारून पुसली आणि सुई कडेला अशी अलगद टेकवली की खर्र असा आवाजही झाला नाही. बायकांना यंत्राची उपजत भीती असते. त्यातूनच हा हळुवारपणा येत असावा.

सनई होती. आधी खरखर झाली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी. आणि तिच्यातून सनई वर आली.

मी लग्नात सनई ऐकली आहे, म्हणजे सनई वाजत असताना तिथे बोललो आहे. आज पहिल्यांदा तिच्यासमोर नुसता बसलो. तो माणूस एका सुरावर थांबला आणि किती वेळ थांबला. श्वास कुठे घेतला कळले नाही. मी स्वतः श्वासावर जगलेला माणूस आहे; लांब वाक्य एका दमात नेण्यासाठी काय लागते ते मला माहीत आहे. मी त्याच्यापुढे टोपी काढली. खरोखर काढली, शरयूने ती खुंटीवर ठेवली.

२४ मार्च

रोज दुपारी ऐकतो. उन्हाने बाहेर कोणी फिरकत नाही. दारे लोटून घ्यायची, माठातले पाणी शेजारी, आणि शरयू किल्ली देते.

महादेवरावांना चव होती हे मान्य केले पाहिजे. मतात माणूस साफ चुकलेला, पण या ट्रंकेत एक तबकडी भरताड म्हणून घेतलेली नाही. नाटकातली पदे आहेत, भजने आहेत, फडावरच्या बायकांच्या लावण्या आहेत. बैलांच्या गळ्यातल्या घंटांची आठवण करून देणारे एक जलतरंग आहे. एका तबकडीवर नवरा-बायकोचे भांडण आहे, दोन्ही बाजूंना. पहिल्या बाजूला नवरा जिंकतो. तबकडी उलटल्यावर काय होते ते पाहून शरयू डोळे पुसेपर्यंत हसली. ती हसायला थोडी आधीच सुरुवात करते, असे मला वाटले.

लाखेची असते ही तबकडी. आपल्या झाडांवरची लाख, बांगड्यांत घालतात तीच. हातात धरली की वजन जाणवते, आणि ताटासारखी निसटली तर दोन तुकडे. एवढ्या ठिसूळ वस्तूवर माणसाचा गळा ठेवायचा, आणि तो तीस वर्षे टिकतो. माझी भाषणे कशावरच ठेवलेली नाहीत.

आणि वेळ किती, तर तीन-साडेतीन मिनिटे. एका बाजूला तेवढेच मावते. त्यात आलाप, बंदिश, तान, आणि जुन्या तबकड्यांत शेवटी गाणारा आपले नावही सांगून जातो. मला तीन मिनिटे नुसते "सभ्य स्त्री-पुरुषहो" म्हणायला लागतात. सुरुवातीला मला याची चीड आली. रागाला असे कापून, ठोकून लहान पेटीत बसवायचे म्हणजे अन्याय. मग लक्षात आले की हे लोक कापत नाहीत. आधीच काय घ्यायचे नाही ते ठरवून येतात. भीमपलासाचा एक तुकडा ऐकला आणि उरलेला माझ्या आतच चालू राहिला.

एक तबकडी भाषणाची निघाली. कोणा पुढाऱ्याचे आहे. नाव लिहीत नाही. मी उत्सुकतेने सरसावून बसलो. आवाज चांगला, मुद्दे बरोबर. तरी दुसरी बाजू लावावीशी वाटली नाही. समोर माणसे नसताना तो माणसांपुढे बोलतो आहे असे भासवत होता. गाणारे तसे करीत नाहीत. असे का, याचा विचार करतो आहे.

ट्रंकेच्या तळाशी नव्या जातीची एक मोठी तबकडीही आहे, न फुटणारी, वाकवली तर वाकणारी. ती लावू म्हटले तर शरयू एकदम म्हणाली, "ती या मशीनवर नाही लावायची. आपली सुई तिला नांगरून टाकील. तिला विजेचं मशीन लागतं." वेष्टनावर तसे लिहिलेले असावे. मी शोधले, सापडले नाही.

२ एप्रिल

आज गोदाबाई येवलेकर ऐकली. आजवर या बाईचे नावही मला माहीत नव्हते.

दोन तबकड्या आहेत, दोन्हींवर तीच बंदिश, तीच यमनातली. पहिली फार जुनी, भोंग्यात तोंड घालून गायचे त्या काळातली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. आवाज जोरदार असेल तरच मेणावर उमटे, नाही तर नाही. ही पोर, वीसएक वर्षांची असेल, अशी गायली आहे की कर्ण्याचे पितळ थरथरते. वरच्या षड्जाला ती भाल्यासारखी जाते. शेवटी एका दमात सांगते, "गोदाबाई येवलेकर!" आणि गप्प. मी उठून उभा राहिलो. हा आवाज माझ्या जातीचा आहे. ही बाई पटांगणात उभी राहिली असती तर तिलाही भोंगा लागला नसता.

दुसरी तबकडी वीस वर्षांनंतरची. तीच बाई, पण आवाज उरलेला नाही. वरचा षड्ज ती लांबूनच दाखवते. हळू गाते, जवळजवळ बोलते. मला वाईट वाटले. पाटीवर लिहिले : बिचारी थकली. मायक्रोफोनने माणसे आळशी केली.

शरयूने पाटी वाचली. ती तबकडी तिने दुसऱ्यांदा लावली. विसरून लावली असेल.

९ एप्रिल

सुभद्रावहिनी आल्या होत्या. उन्हाळ्यात सुया माठाजवळ ठेवू नका, ओलीने गंजतात, एवढे सांगायला. शरयू म्हणाली, "हो, मी तांदळात ठेवल्यात." वहिनी म्हणाल्या, "तुले काय सांगाव, तुले ठाऊकच आहे."

दोघींचे नाते आमच्या भांडणात कधी तुटले नाही, ही गोष्ट मी नेहमी कौतुकाने सांगत आलो आहे. वहिनींकडे दर गुरुवारी दुपारी बायकांचे भजन असे. मलकापुरात दगडफेक झाली त्या आठवड्यातही शरयूने तो गुरुवार चुकवला नाही. तिच्या भक्तीचा मी आदर करतो. महादेवरावही म्हणे तेव्हा घरीच असत.

मोतीराम ओट्यावर होताच. आता तो ओरडत नाही. रोज येतो, सांगतो, जातो. त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे येऊ लागले आहेत. मी काही म्हणत नाही म्हणून त्यांना फार सुचते. आज विषय महादेवरावांचा निघाला.

मोतीराम म्हणाला, "गुर्जी, राग नोका मानू. म्या तुमच्या सभेले जाओ, अन् त्याइच्याही जाओ."

मी भुवया उंचावल्या.

"मंग काय करू? तुमचं चालू असलं का तुमचं पटे. त्याइचं चालू असलं का त्याइचं पटे. मत टाकाच्या दिवशी तर निस्ती पंचाईत."

बाकीचे हसले. एक म्हणाला, "बे, तू तं लग्नातही दोन्हीकून जेवते."

मला रागच आला होता. पण वहिनी दारातून म्हणाल्या, "मोतीराम एकटा नाही, भाऊजी. हेही येत होते तुमच्या सभेले."

मी पाटी उचलली. त्यांनी हाताने थांबवले. "पटांगणाच्या मागं चिंच आहे ना, तिथं उभे राहत. अंधारात. तुमचं एक भाषण नाही सोडलं. अन् अर्ध्यातून नाही आले कधी. म्या म्हनो, काऊन जाता? तुमाले शिव्या देते तो. तं म्हणत, पूरं ऐकल्याबिगर उत्तर कसं द्याव."

ते गेल्यावर मी बराच वेळ पाटी पुसत होतो. तिच्यावर काही नव्हते. महादेवरावांची मी किती भाषणे ऐकली, तर एकही नाही. कार्यकर्ते टिपून आणत, त्यावरून मी उत्तरे देई. उत्तरे सडेतोड असत.

१२ एप्रिल

आज काही ऐकले नाही.

१९ एप्रिल

एक मेच्या मंडळाची माणसे आली. गळा बरा होईल ना, विचारत होती. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिले : होईल. भाषण तयार आहे. दोन तास.

मनात खरेच तयार आहे. रोज पहाटे मळ्याकडे जातो आणि ओठ न हलवता त्याचा एकेक परिच्छेद म्हणतो. महाराष्ट्र का झाला, कोणी होऊ दिला नव्हता, कोण हरले. प्रत्येक वाक्य दगडासारखे घट्ट बसले आहे. गळ्याखेरीज कशाचीच वाण नाही.

२७ एप्रिल

अकोला.

गाठ अर्ध्याहून जास्त विरली आहे. कापायची गरज नाही. डॉक्टर खुशीत होते. "आता बोला. हळू बोला, थोडं बोला."

मी तोंड उघडले. मला वाटले होते की आवाज जिथे ठेवला होता तिथून उचलता येईल. आला तो एक जाडाभरडा, खालचा, कोणा परक्या म्हाताऱ्याचा आवाज. म्हणालो, "एक मेला सभा आहे."

"सभा विसरा. चार माणसांत बसून बोला. ओरडलात तर गाठ परत येईल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

"पुढच्या वर्षी?"

"गुरुजी, तो आवाज गेला. आहे तो सांभाळा."

गाडीत शरयू शेजारी होती. मला आता बोलायची परवानगी होती आणि मी भुसावळ पॅसेंजर मलकापूरला लागेपर्यंत एक शब्द बोललो नाही. सैनिकाचा हात गेला तर लोक त्याला सैनिकच म्हणतात. आवाज गेलेल्या वक्त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

२८ एप्रिल

मंडळाला 'येणार नाही' असे कळवायला कागद घेऊन बसलो होतो. दुपारी शरयूने मला न विचारता पेटी उघडली आणि गोदाबाईची दुसरी तबकडी लावली. थकलेली.

मी म्हटले, "ती नको. पहिली लाव."

"ऐका तर."

मी ऐकली. हे लिहिताना मला घाई करायची नाही.

ती हळू गाते, कारण तिला मोठ्याने गाता येत नाही. पण त्या हळू आवाजात तिने काय काय आणले आहे. पहिल्या तबकडीत ती गंधारावरून धावत जाते; इथे त्याच्यावर बसते. शब्द तिथे ढालीसारखे आदळत होते, इथे एकेक शब्द ती उचलून हातावर ठेवते. वरच्या षड्जापाशी येते आणि जात नाही, नुसती पाहते, आणि मला तो ऐकू आला. तिने न लावलेला सूर मला ऐकू आला. मी कानांवर विश्वास ठेवायला तयार नव्हतो, म्हणून पुन्हा लावायला सांगितले, आणि तो पुन्हा तिथेच ऐकू आला.

शरयू म्हणाली, "तरुणपणी ती सगळ्या गावाला ऐकवायची. इथं एकालाच सांगते. आम्हाला हीच जास्त आवडायची."

आम्हाला म्हणजे कोणाला, हे विचारायचे राहून गेले. मी दुसऱ्याच विचारात होतो. ही बाई आपला गेलेला आवाज परत आणायला गेली नाही. आहे त्या आवाजाला केवढे मावते ते तिने पाहिले आणि तेवढेच आणले. आणि ते आमच्यापर्यंत पोचले ते त्या मायक्रोफोनमुळे, ज्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या.

मंडळाचा कागद फाडला.

२९ एप्रिल

भाषण नव्याने लिहितो आहे. तबकडीच्या एका बाजूत मावेल एवढे.

दोन तासांच्या भाषणातून तीन मिनिटे काढणे सोपे असेल असे वाटले होते. एक वाक्य उचलले की मागचे दहा ओरडतात, आम्हाला का सोडले. शेवटी सगळेच सोडले आणि विचारले, एकच गोष्ट सांगायची असेल तर कोणती? उत्तर आले ते मला आवडले नाही. तरी लिहिले. सहा वाक्ये झाली. मत मी बदललेले नाही. मराठी माणसांचे एक राज्य व्हायलाच हवे होते आणि त्याला विरोध करणारे चुकत होते. हेही त्यात आहे.

शरयूला वाचून दाखवले. तिने चौथे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. मग उठून चहा टाकायला गेली. दूध उतू गेले, तिच्या हातून असे कधी होत नाही.

३० एप्रिल

इंद्रभानकडे गेलो. त्याचा भोंग्याचा धंदा आहे. लग्ने, उरूस, सभा. दहा वर्षे मी त्याला पटांगणातून परत पाठवीत आलो. मी म्हटले, उद्या भोंगा लाव. तो उभाच राहिला.

"गुर्जी, तुम्ही? तबेत बरी आहे ना?"

"आवाज नाही उरला, इंद्रभान."

"उरला नाही तं काय झालं. निस्ते ओठ हालवा. माहं मशीन बाकीचं पाहून घेते. पार वरवट बकालपावतर आयकू जाईन."

वरवट बकाल इथून किती लांब आहे हे मी त्याला सांगितले नाही. बॅटरी नवी आहे, अशी त्याने आईची शपथ घेतली.

१ मे १९६१

संध्याकाळी पटांगण भरले होते. इतकी माणसे मी गेल्या वर्षानंतर पाहिली नव्हती. मोतीराम पहिल्या रांगेत. मागे डावीकडे बायका. त्यांत शरयू आणि तिच्या शेजारी सुभद्रावहिनी. माझ्या सभेला वहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या. लोक वळून वळून पाहत होते.

मी उभा राहिलो. समोर इंद्रभानचा मायक्रोफोन, झेंडूची माळ घातलेला. मी त्या एका लोखंडी फुलालाच सांगावे तसे हळू म्हणालो, "आज आपल्या राज्याला एक वर्ष झालं."

माझाच आवाज चिंचेवरून परत आला, खोल आणि जवळचा. माणसे गप्प झाली. दोन तासांच्या गर्जनेनेही ती कधी अशी गप्प झाली नव्हती. मग भोंग्याने एक लांब शिटी दिली आणि मेला. इंद्रभान तारा उपटू लागला, खोचू लागला, बॅटरीला लाथ मारली. काही नाही.

मागून कोणी ओरडले, "गुर्जी, मोठ्यानं."

मला येत होते. एकदाच, पूर्ण छातीने. ती सवय शरीरात अजून आहे. पोट आत गेले, छाती भरली. मी शरयूकडे पाहिले. ती लांब होती, तिचा चेहरा दिसत नव्हता. भरलेला श्वास मी सोडून दिला आणि दुसरे वाक्य होते तितक्याच हळू म्हटले.

"हे राज्य व्हायला हवं होतं, असं मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो."

पहिल्या रांगेला ऐकू गेले, पुढे नाही. मोतीराम मागे वळला आणि दुसऱ्या रांगेला म्हणाला, "गुर्जी म्हन्तेत, राज्य झालं थे बरंच झालं." दुसऱ्या रांगेने तिसरीला सांगितले. मी पाहत राहिलो. वाक्य रांगारांगांनी मागे चालले होते, शेतात पाणी सोडल्यावर एका सरीतून दुसरीत जाते तसे. ते शेवटपर्यंत पोचेतो मला थांबावे लागले. आयुष्यात मी दोन वाक्यांमध्ये कधी इतका थांबलो नव्हतो.

"महादेवरावांना ते नको होतं, आणि ते चुकत होते."

"महादेवराव चुकले, म्हन्तेत." कुठे तरी मध्ये कुजबुज झाली. मी थांबलो.

"पण माझं प्रत्येक भाषण ते त्या चिंचेखाली उभं राहून शेवटपर्यंत ऐकत असत, आणि मी त्यांचं एकही ऐकलेलं नाही."

हे वाक्य लांब होते. मोतीरामने ते तोंडात घोळवले, मग सांगितले, आणि ते हळूहळू गेले. ते जाताना एकेक रांग मान वळवून चिंचेकडे पाहत होती.

"जो आपल्या विरुद्ध आहे त्याचं पुरतं ऐकून घेणं, हे या नव्या राज्यातलं पहिलं काम आहे, असं मला आता वाटतं."

मागच्या रांगेत पोचेपर्यंत त्याचे झाले, "दुसऱ्याचं पूरं आयकत जा, म्हन्तेत." मला ते ऐकू आले, इतकी शांतता होती. ते बायकांपर्यंत गेले. तिथे थांबले.

मी पुढचे वाक्य म्हणणार, तेवढ्यात मागे काही हलले. बायकांमधून एक शब्द निघाला आणि उलट्या वाटेने येऊ लागला. आठव्या रांगेने सातव्या रांगेला, सातव्याने सहाव्या. सभेतून व्यासपीठाकडे असे काही येताना मी कधी पाहिले नव्हते. शेवटी मोतीरामने मान मागे नेऊन ते घेतले आणि माझ्याकडे वळला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"गुर्जी, सुभद्राबाई म्हन्तेत, आयकू आलं."

माझे एक वाक्य उरले होते. ते न म्हणता मी खाली बसलो.